साडेपाचचं पाणी

पहाटे साडेपाचला जेलरोडला पाणी येतं.
गंगापूर धरण कुणाला विचारत नाही,
तू कोण, शेजाऱ्याशी तुझं पटतं का.
एकाच पाइपातून येतं,
आधी मोजाडांकडे, मग आमच्याकडे.
आणि निवृत्ती मोजाड मोटार लावतो.

भिंतीपलीकडे घरघर सुरू होते,
आमचा नळ खोकतो, हवा ओकतो,
मग करंगळीएवढी धार.
मी त्याच वेळी गुडघे टेकतो. मुद्दाम नाही,
बादली भरेपर्यंत माणूस आणखी काय करणार?

मत्तयाचा पाचवा अध्याय मला तोंडपाठ.
रविवारशाळेत त्याबद्दल कंपासपेटी मिळाली होती.
द्वेष करणाऱ्यासाठी प्रार्थना करा, असं तिथं आहे.
केली. आठ वर्षं केली.
"प्रभू, निवृत्तीला सद्बुद्धी दे."
म्हणजे शिवीच,
फक्त इस्त्री केलेली.
एकदा तर आमेनच्या आधी निसटलं,
"त्याची मोटार जळू दे."
सुगंधा ओट्यापासून म्हणाली, देव ऐकतोय हं.

प्रेसमध्ये मी तपासनीस होतो.
नोटांचे ताव समोर यायचे, अजून न कापलेले,
आणि माझ्या हातात लाल पेन्सिल.
शाई पसरली, खूण. आकडा सरकला, खूण.
तीस वर्षं चुकलेलं शोधत बसलो,
घरी आलं तरी डोळा तोच,
भातातल्या खड्यावर, पोराच्या मार्कांवर.

एका रात्रपाळीला ताव एक कमी भरला.
मी लिहून दिलं. त्या टेबलावर निवृत्ती होता.
अकरा महिने घरी बसला.
ताव नंतर सापडला, त्याच गठ्ठ्यात.
दोन ताव एकमेकांना चिकटले होते
आणि मी ते एकच मोजले होते.
त्याला परत घेतलं. पण तोवर सिन्नरच्या लोकांनी
त्याच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.
चिकटलेल्या तावांचं त्याला कुणी सांगितलं नाही.
मीही नाही.

त्या अध्यायात मी कायम
ज्याचा छळ होतो त्याच्या जागी उभा राहिलो.
भिंतीपलीकडे, तुळशीपाशी,
कुणी दात आवळून माझं नाव घेत असेल
हे कधी मनातच आलं नाही.
शत्रू हा शब्द नोटेसारखा आहे,
दोन्ही बाजूंनी छापलेला.

गेल्या मंगळवारी मोटार वाजली नाही.
नळाला अंगठ्याएवढी धार!
पिंप भरलं, कळशा भरल्या,
सुगंधाने कुंड्यांनाही पोटभर घातलं.
बुधवारीही वाजली नाही.
गुरुवारी काठोकाठ बादलीकडे बघत
मी गुडघे टेकले आणि शब्दच येईनात.
सद्बुद्धी नाही, काही नाही. एवढंच आलं,
"प्रभू, मोटार वाजू दे."

मग चौकशी केली. बिटकोत होता, छातीत दुखून.
मोटार त्याच्याशिवाय कुणाला लावता येत नव्हती.
शुक्रवारी मी भिंतीवरून पाइप टाकला.
वहिनींनी माझ्याकडे न बघता
त्याचं टोक पिंपात सोडलं.

आज घरघर ऐकली.
नळ खोकला, धार बारीक झाली,
आणि मी इतक्या मोठ्यांदा आमेन म्हणालो
की सुगंधा हसायला लागली.

तिचं हसू संपलं तरी मी तिथंच.
देवाला सगळं सांगून झालंय,
त्याला ते आधीच ठाऊक होतं.
ज्याला ठाऊक नाही
तो अंगणात बनियनवर उभा आहे,
दात घासतोय, माझ्याकडे पाठ करून.

शत्रूच्या वचनाआधी वीस वचनं
आणखी एक आहे.
दान वेदीपाशीच राहू दे,
आधी जा, ज्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे त्याच्याकडे.
तेही पाठ होतं,
कंपासपेटीसाठी.

बादली अर्धीच भरलीय.
राहू दे तशीच, नळाखाली.
सुगंधा, माझी चप्पल कुठेय?